मागाठाणे ते हुतात्मा चौक : उभ्याने जोखलेले तीन मेट्रोंचे डबे

मेट्रोचा डबा बसून जोखायचा नसतो. मुंबईत २अ आणि ७ या मार्गांवर जी गाडी धावते तिच्या एका डब्यात ३८० माणसं मावतात असा अधिकृत हिशेब आहे, आणि त्यातली बसणारी फक्त ५२. उरलेली ३२८ उभी. म्हणजे डबा बांधलाच आहे उभ्या माणसासाठी. तरी मेट्रोबद्दल लिहिणारे बहुतेक जण सीटबद्दल, एसीबद्दल आणि चकचकाटाबद्दल लिहितात. उभं राहून पाऊण-एक तास काढणाऱ्या बाईच्या हाताला काय लागतं आणि पायाखाली काय येतं, हे कुणी सांगत नाही. म्हणून हे लिहितेय.

माझी उंची चार फूट दहा इंच आहे. ती इथे सांगणं भाग आहे, कारण पुढचं निम्मं परीक्षण त्या उंचीवरून केलेलं आहे.

राहायला मी बोरिवली पूर्वेला आणि नोकरी फोर्टात. आयुष्य लोकलच्या लेडीज डब्यात गेलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि मागाठाण्याला चढून हुतात्मा चौकात उतरता येऊ लागलं. मागाठाण्याहून गुंदवली मेट्रो ७ ने. तिथून पादचारी पुलावरून वेस्टर्न एक्सप्रेस हायवे स्टेशन, तिथे मेट्रो १ पकडून मरोळ नाका. मरोळला खाली उतरून मेट्रो ३. एका प्रवासात तीन मार्ग, तीन वेगवेगळ्या कारखान्यांत बनलेल्या गाड्या, तीन वेगवेगळे कारभारी. डब्यांची तुलना करायला याहून चांगली सोय देशात क्वचितच कुठे असेल.

आधी या गाड्यांची ओळख. सगळ्यांत जुनी मेट्रो १ ची. वर्सोवा ते घाटकोपर ११.४ किलोमीटर, १२ स्टेशनं, ८ जून २०१४ ला सुरू झाली. तिच्या १६ गाड्या चीनमधल्या नानजिंगच्या कारखान्यातून आल्या, प्रत्येक गाडीला चार डबे. मेट्रो २अ आणि ७ च्या गाड्या सहा डब्यांच्या, बंगळुरूच्या बीईएमएलने बांधलेल्या. यांचा पहिला टप्पा २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला सुरू झाला आणि दुसरा जानेवारी २०२३ मध्ये. मेट्रो ३ ची गाडी आठ डब्यांची, आल्स्टॉमने आंध्र प्रदेशातल्या श्रीसिटीत बनवलेली. अशा ३१ गाड्या. ३३.५ किलोमीटरची, जवळजवळ सगळीच जमिनीखालून धावणारी ही मुंबईची पहिली भुयारी मेट्रो.

तिन्हींच्या रुळांमधलं अंतर सारखंच, स्टँडर्ड गेजचं, तिन्हींना वीज डोक्यावरच्या तारेतून २५ हजार व्होल्टची. तरी एकीची गाडी दुसरीवर धावत नाही. रूळच एकमेकांना जोडलेले नाहीत, सिग्नल वेगळे, गाड्यांची लांबी वेगळी, मालकीही वेगळी. मेट्रो १ ला सकाळी गाड्या कमी पडल्या म्हणून ७ वरची एखादी मोकळी गाडी तिकडे वळवता येत नाही. एका शहराच्या मेट्रोचा गाड्यांचा ताफा असा तुकड्यातुकड्यांत उभा राहावा याचं मला मनापासून वाईट वाटतं. लोकलची गाडी चर्चगेट ते डहाणू कुठेही पाठवता येते, ती केवढी ताकद आहे हे मेट्रोचे तुकडे पाहिले की कळतं.

आता डब्यात शिरू.

सर्वांत आधी उंबरठा. मेट्रोचा फलाट आणि डब्याची जमीन एका पातळीत असते, मधली फटही अगदी थोडी. हे वाचायला किरकोळ वाटेल. लोकलला मात्र फलाट आणि डबा यांच्यातल्या अंतराचं प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं, फलाट उंच करावे लागले, आणि तरीही काही ठिकाणी साडी सावरत चढावं लागतंच. माझ्या आईचे गुडघे गेलेत. लोकलमध्ये चढणं तिने कधीच सोडून दिलं होतं. मागाठाण्याला तिला घेऊन गेले तेव्हा मी तिच्या पायांकडे बघत होते. तिने काठी पुढे टेकवली, ती डब्यात टेकली, मग एक पाऊल, मग दुसरं. काठी उचलावी लागली नाही, माझा हातही धरला नाही. आत जाऊन म्हणाली, "चढायचं कुठे होतं गं?" या एका गोष्टीसाठी मी तिन्ही मेट्रोंना पैकीच्या पैकी देते.

दारांचंही तसंच. प्रत्येक डब्याला एका बाजूला चार दारं, दोन्ही झडपा बाजूला सरकणाऱ्या. दारं जास्त म्हणजे सीट कमी, हा सौदा आहे, आणि तो योग्य सौदा आहे. गाडी स्टेशनात किती वेळ उभी राहते यावर पुढच्या गाडीचं येणं अवलंबून असतं. चार दारांतून लोक भराभर उतरले की मागची गाडी लवकर आत येते, आणि लवकर येणारी गाडी ही कुठल्याही सीटपेक्षा मोठी सोय आहे. २अ आणि ७ ला फलाटावर कमरेच्या वर येणारी दारं आहेत, ३ ला फलाटावर पुरती काचेची भिंतच. तिथे गाडीला नेमकं दारासमोर दार लावून थांबावं लागतं, त्यामुळे रांग कुठे लावायची ते फलाटावर आधीच कळतं. मेट्रो १ ला फलाटावर दारं नाहीत.

आणि आता कड्या. डब्याच्या छताजवळून आडवे दांडे जातात, त्यांना पट्ट्याने लटकवलेल्या कड्या असतात. सीटच्या समोर उभं राहिलं तर त्या कड्या मला नीट पोचतात, कोपर थोडं वाकलेलं राहतं, खांदा दुखत नाही. अडचण दारांच्या मधल्या मोकळ्या जागेत होते. गर्दीत आत शिरल्यावर माणूस आधी तिथेच अडकतो, आणि तिथला वरचा दांडा उंच. उंच माणसाला तो सहज हाती लागतो, माझ्यासारखीला टाचा उचलाव्या लागतात. टाचा उचलून धरणं म्हणजे न धरण्यासारखंच, कारण ब्रेक लागला की तोल आधी टाचांतून जातो. तिथे मधोमध उभा खांब असला की प्रश्न सुटतो. खांबाला उंची नसते. लहान मूल गुडघ्याच्या वर धरतं, मी छातीपाशी, माझ्या शेजारचा सहा फुटी मुलगा डोक्यापाशी, आणि कुणाचा हात कुणाच्या हातावर येत नाही. डबे घडवणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे: दारांमधल्या जागेत उभे खांब आणखी हवेत, शक्य तिथे वर जाऊन तीन फांद्या फुटणारे. खांबामुळे चढताना-उतरताना अडथळा होतो असं सांगतात. तो होतो, पण लोक त्याला वळसा घालून जायला शिकतात.

खांबाला पाठ टेकून मोबाईल बघत उभे राहणाऱ्यांबद्दल इथेच लिहायला हवं. एक माणूस पाठ टेकतो आणि चार जणांची धरायची जागा जाते. गाडीचा यात काही दोष नाही. पण गाडीचा निम्मा अनुभव आपल्या शेजाऱ्यावर अवलंबून असतो.

भारतातल्या मेट्रोचे डबे आखताना एका चौरस मीटरमध्ये सहा ते आठ माणसं उभी राहतील असं धरतात. घरी फरशीवर खडूने एक मीटरचा चौकोन काढा आणि त्यात सहा जणांना उभं करून बघा, म्हणजे तीनशे अठ्ठावीसचा आकडा अंगाला कळेल. लोकलमध्ये गर्दीच्या वेळी हाच हिशेब चौदा ते सोळापर्यंत जातो. त्या गर्दीतून आलेल्या बायकांना मेट्रोची गर्दी ‘बरी’ वाटते, आणि मलाही वाटते. पण ही तुलना मेट्रोला फार स्वस्तात पास करते. मेट्रोचा डबा मेट्रोच्या मापानेच मोजायला हवा.

त्या मापाने मेट्रो १ कमी पडते. डब्यात दोष नाही, डबा तिचा मला अजून आवडतो. अकरा वर्षं उलटून गेली, रोज चार लाखांहून अधिक माणसं ये-जा करतात, तरी गाडी स्टेशनातून निघताना झटका देत नाही. पण डबे चारच. एका डब्यात ३७५ म्हणजे अख्ख्या गाडीत दीड हजार माणसं, आणि तिच्या एका टोकाला घाटकोपर, मध्ये अंधेरी. मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या दोन लोंढ्यांना जोडणारी ती एकमेव मेट्रो होती, इतर मेट्रो आल्यावर तिच्यावर त्यांचीही माणसं येऊन पडली. माझ्यासारखी. फलाट सहा डब्यांच्या हिशेबाने बांधलेले आहेत, पुढे मागे जागा रिकामी दिसते. सहा डब्यांची गाडी करण्याची चर्चा अनेक वर्षं ऐकतेय. मेट्रोच्या ताफ्यात नवे डबे आणणं हे बाजारातून वस्तू आणण्याइतकं सोपं नाही हे मला समजतं. इतक्या वर्षांपूर्वीच्या बांधणीचा, त्याच जोडणीचा, त्याच ब्रेकशी आणि संगणकाशी बोलणारा डबा आज परत बनवून घ्यायचा, तर कारखान्यालाही ती जुनी मांडणी पुन्हा लावावी लागते, आणि थोडक्या डब्यांसाठी ते महाग पडतं. म्हणूनच पहिली ऑर्डर देतानाच पुढचा विचार हवा होता. डबे साधारण तीस वर्षं चालवायचे असतात, म्हणजे आज ठरवलेलं पुढच्या पिढीला भोगावं लागतं.

वेस्टर्न एक्सप्रेस हायवे ते मरोळ नाका मी नेहमी उभीच असते. मधे चकाला आणि एअरपोर्ट रोड. अंधेरी-कुर्ला रस्ता वळणाचा, त्यामुळे गाडीही वळते. डब्यांच्या मध्ये दार नाही, आरपार दिसतं, आणि वळणावर पुढचा डबा डावीकडे झुकलेला दिसून मग आपला झुकतो. ते दिसत असल्याने शरीर आधीच तयार होतं. आरपार डब्यांचा हा फायदा मी कुणाकडून ऐकला नव्हता, उभं राहून कळला. दुसरा फायदा गर्दी पसरण्याचा, तो सर्वांना माहीत आहे, पण वापरत कुणी नाही. मधल्या जिन्यापाशी चढलेली माणसं मधल्याच डब्यात दाटून राहतात आणि टोकाच्या डब्यात वारा खेळतो. चालत जा. आतून जाता येतं.

मेट्रो ७ ची गाडी मला तिन्हींत सर्वांत जास्त आवडते. गर्दीच्या वेळी तिच्यातही धक्के असतात, पण सहा डबे आहेत, आणि हायवेच्या मधून वरून जाताना दोन्ही बाजूंना उजेड. पूर्वेकडच्या खिडकीत पावसाळ्यात राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर हिरवे होतात, आणि गाडी तेवढ्यापुरती मुंबईतली वाटत नाही. ही गाडी चालकाविना धावू शकेल अशा बेताने बांधलेली आहे, तरी पुढे पायलट असतो, आणि कित्येकदा ती बाई असते. सायकल ठेवण्याची सोयही यात आहे. गोरेगावला सायकल घेऊन उतरणारा एक मुलगा मला अधूनमधून दिसतो. सायकल तो खांद्यावर उचलत नाही, नुसती ढकलत नेतो. ज्या शहरात सायकल घेऊन लोकलमध्ये शिरण्याचा विचारही कुणी करत नाही तिथे हे दृश्य मला अजून नवं वाटतं.

ब्रेकबद्दल थोडं, कारण उभ्या माणसाचा खरा संबंध त्याच्याशीच येतो. या गाड्यांत वेग कमी करायचा म्हणजे मोटारीच उलट कामाला लागतात, त्या वीज बनवतात आणि ती परत तारेत जाते. हे काम मऊ असतं, जाणवतही नाही. पण वेग अगदी उतरला की मोटारींचा जोर संपतो आणि चाकांवरचे घर्षणाचे ब्रेक काम हाती घेतात. तो बदल, आणि गाडी पूर्ण थांबतानाचा अखेरचा हिसका, हे दोन क्षण सांभाळायचे. पाय गाडीच्या दिशेला थोडे फाकवून उभं राहिलं, एक पुढे एक मागे, तर धरायला काही नसतानाही तोल जात नाही. दोन्ही पाय शेजारी जुळवून उभी राहणारी बाई हमखास पुढच्यावर जाते. मेट्रो ३ चा थांबा मला तिन्हींत सर्वांत सफाईदार वाटला.

मेट्रो ३ ची गाडी मोठी आहे. आठ डबे म्हणजे जवळपास १८० मीटर. मरोळ नाक्याला खाली उतरताना आधी गारवा येतो, मग काचेची भिंत, मग तिच्या मागून गाडीचे दिवे. आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवते ती जागा. आठ डब्यांत माणसं विखुरतात आणि मरोळला मला दहापैकी सहा-सात वेळा तरी बसायला मिळतं. वर लिहिलेल्या सगळ्या उभ्या तक्रारी इथे निम्म्या होतात.

इथे मात्र आवाज आहे. उघड्यावर चाकांचा आवाज हवेत विरतो, भुयारात तो भिंतीला लागून परत येतो. शेजारणीशी बोलायचं तर वेग वाढला की थांबायचं आणि स्टेशन जवळ आलं की उरलेलं वाक्य पूर्ण करायचं. खिडकीत काळोख आणि त्यात आपलाच चेहरा, त्यामुळे सगळी भिस्त घोषणांवर आणि दारावरच्या स्टेशनांच्या पट्टीवर. घोषणा मराठीत, हिंदीत, इंग्रजीत होतात. मराठी उच्चार स्वच्छ आहेत. शितलादेवी, काळबादेवी, गिरगाव ही नावं यंत्राच्या तोंडून नीट ऐकली की बरं वाटतं. कान मंद झालेल्या माणसाला मात्र घोषणेइतकीच ती पट्टी लागते, आणि गर्दीत ती डोक्यांमागे जाते. ती दारावर आहे तशीच सीटच्या वरही हवी.

एसीबद्दल फार लिहीत नाही. तिन्हींत तो चालतो. उभ्या माणसाला डोक्यावर झोत जास्त लागतो, बसलेल्याला कमी. केस ओले असतील तर ओढणी जवळ ठेवा. पावसाळ्यात छत्र्यांचं पाणी जमिनीवर उतरतं आणि दारांमधली जागा आधी ओली होते, रबरी तळव्याची चप्पल बरी.

लोकलच्या लेडीज डब्यातली एक गोष्ट मेट्रोत आली नाही. तिथे चढल्या चढल्या "कुठे उतरणार?" विचारून सीट ‘सांगून’ ठेवतात. अंधेरीला उतरणारीची जागा बोरिवलीलाच ठरलेली. मेट्रोत सीट लांबट बाकांच्या, भिंतीला पाठ लावून समोरासमोर. बसलेलीच्या अगदी समोर उभं राहिलं की नजरानजर होते, गुडघ्याला गुडघा लागत नाही, आणि विचारायची वेळच येत नाही. डब्याची मांडणी माणसांची वागणूक बदलते हे मला इथे समजलं. चौथ्या सीटवरून, म्हणजे तिघींच्या बाकावर चौथीने टेकण्यावरून, होणारी भांडणंही या लांबट बाकांमुळे गेली. गरोदर बाईला उठून जागा देणारी मुलं मी मेट्रोत जास्त पाहिलीत. समोरच उभी असते ती, न दिसल्याचं सोंग करता येत नाही.

तुमचं काम काय आहे त्यावरून निवडा. वयस्क माणसांना किंवा गुडघेदुखीवाल्यांना न्यायचं तर ७ आणि ३, दोन्ही उत्तम, फक्त मधला मेट्रो १ चा टप्पा सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी सहा ते नऊ टाळा. त्या वेळेत मी आईला नेत नाही. विमानतळाला जायचं असेल तर मरोळच्या पुढचंच स्टेशन टी २ आहे, मोठी बॅग घेऊन टोकाच्या डब्यात शिरा, बॅग आडवी न ठेवता भिंतीला लावा. उंची कमी असेल तर फलाटावर दारासमोर मधोमध उभ्या राहू नका. दाराच्या कडेने आत शिरलं की सीटच्या कडेचा उभा दांडा लगेच हाताला लागतो, आणि तो एकदा धरला की हुतात्मा चौकापर्यंत सोडायची गरज पडत नाही.